ऐकलं आणि केलं

माझ्या उपदेशाला लोक झोपतात, हे मला आमच्या ताईनं सांगितलं. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. ऑर्गन जरा तिरका ठेवलेला आहे, त्यामुळे मला व्यासपीठावरून जे दिसत नाही ते तिला बाजूनं बरोबर दिसतं. "हेडमास्तर तर 'आमेन'ला बरोब्बर जागे होतात," ती म्हणायची, "जन्मभर घंटेवर उठायची सवय ना!" ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. माझी बायको गेल्यावर घर सांभाळायला म्हणून आली आणि घराबरोबर मलाही सांभाळायला लागली. मंडळीसाठी मी पाळक. तिच्यासाठी मी अजूनही शर्टाची बटणं चुकीची लावणारा धाकटा भाऊ.

तेव्हा वहीवाले पहिल्यांदा आमच्या उपासनेला आले त्या दिवशी मला काय वाटलं असेल, बघा. दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेला लागून ते बसले. मांडीवर कापडी पुठ्ठ्याची जाड वही होती. मी तोंड उघडलं आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पाऊण तास तो माणूस लिहीत होता. मध्ये मी एका वाक्यावर अडखळलो, तर त्यांचंही पेन थांबलं, आणि मी सावरलो तेव्हाच पुढे सरकलं.

त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. शाळांच्या हजेरीवह्या, कचेऱ्यांची रजिस्टरं, ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे जायचं. छापून घड्या घातलेले कागद त्यांची बायको सुई-दोऱ्यानं शिवायची आणि ते मशीनवर कडा कापायचे. वह्या बांधायचे आणि वही घेऊन फिरायचे, म्हणून मंडळीत त्यांना सगळे वहीवालेच म्हणायचे. बायकोला सगळे नुसतं वहिनी म्हणायचे. त्या नवऱ्याशेजारी बसायच्या, भिंतीच्या बाजूला. खरं सांगायचं तर पहिली दोन वर्षं त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही.

दर सहा महिन्यांनी वहीवाले माझे सगळे उपदेश स्वच्छ अक्षरात उतरवून, बांधून मला आणून द्यायचे. कण्यावर सोनेरी अक्षरांत खंड पहिला, खंड दुसरा. माझी छाती फुगायची. हळूहळू मी उपदेश लिहिताना त्यांचं पेन डोळ्यांपुढे धरायला लागलो. त्यांना लिहून घ्यावंसं वाटेल अशी वाक्यं बनवायला लागलो. रविवारी बोलायचो ते दुसऱ्या रांगेकडे बघून. बाकीचे साठ-सत्तर लोक होते, पण असून नसल्यासारखे.

तिसऱ्या वर्षी मी डोंगरावरच्या प्रवचनावर सलग दहा रविवार बोलायचं ठरवलं. येशूनं शिष्यांना रोजच्या जगण्याबद्दल जे सांगितलं ते सगळं त्यात आहे. कसं बोलावं, कशी प्रार्थना करावी, कुणी मारलं तर काय करावं. दहा विषयांची यादी माझ्या हातानं लिहून मी दाराशी लावली. वहीवाल्यांनी ती उभ्या उभ्या उतरवून घेतली.

"पाळकसाहेब, आम्ही घरी दर आठवड्याला एक घेणार आहोत," ते म्हणाले. "नुसतं ऐकायचं नाही. करायचं."

"उत्तम," मी म्हणालो. आणि पुढच्याच रविवारी, नाव न घेता, मी व्यासपीठावरून त्यांचं उदाहरण दिलं. आपल्यात असं एक घर आहे, म्हणालो, जिथे वचन ऐकून सोडून देत नाहीत. वहीवाल्यांनी मान खाली घातली आणि तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या रविवारी विषय होता बोलण्याचा. शपथा घेऊ नका, हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, त्यापलीकडचे शब्द वाईटातून येतात. मी बरंच रंगवून सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ताई बाजारातून आली ती हसतच.

"अरे, ती वहिनी भेटली. मी म्हटलं, बरी आहेस का? हो. एकटीच आलीस? नाही. दुकानात काम फार आहे का? हो. मी म्हटलं, काय गं, बोलायला काय पैसे पडतात? तर म्हणते, नाही."

मीही हसलो. "उपदेश मनावर घेतलाय त्यांनी."

"मनावर?" ताई म्हणाली. पिशवीतली भाजी काढता काढता तिचा हात थांबला. "नवरा जरा पलीकडे उभा होता. वजनकाट्यापाशी. प्रत्येक वेळी ती उत्तर द्यायच्या आधी त्याच्याकडे बघत होती."

चौथ्या रविवारी मी दुसरा गाल पुढे करण्यावर बोललो. त्या आठवड्यातल्या बुधवारच्या प्रार्थनेला वहिनी आल्या नाहीत. वहीवाले म्हणाले, दाढ दुखतेय. रविवारी आल्या तेव्हा डोक्यावरून रुमाल होता, दोन्ही गालांवरून घट्ट ओढून घेतलेला. ताईनं ऑर्गनवरची सुरुवातीची धून चुकवली. पंचवीस वर्षांत ती धून चुकवताना मी तिला ऐकलं नव्हतं.

"दाढ एका बाजूची दुखते," घरी आल्यावर ती म्हणाली. "दोन्ही बाजू झाकायचं कारण काय?"

"ताई, तू उगाच काहीतरी जोडत बसतेस."

"मी काही जोडत नाही. तू मांडतोस, तो वहीवाला जोडतो."

मी तिच्यावर चिडलो. माझा सगळ्यात चांगला श्रोता तिला बघवत नाही, असंही वाटून गेलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं ते खरं.

पुढे प्रार्थनेचा रविवार आला. प्रार्थना लोकांना दाखवण्यासाठी करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. त्यापुढचा उपासाचा. उपास करताना चेहरा पाडून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे कुणाला कळणार नाही. त्या रविवारनंतर वहिनी उपासनेला आल्या त्या केस तेलानं चापून बसवलेल्या आणि चेहरा घासून लखलखीत केलेल्या. दारात हात मिळवताना मला त्यांचं मनगट लागलं. नुसतं हाड. अंगठी बोटात राहत नव्हती म्हणून तिला दोरा गुंडाळला होता, पुस्तकं शिवायचा पांढरा दोरा.

"बरं आहे ना, वहिनी?"

"हो."

मी पुढच्या माणसाकडे वळलो.

नवव्या रविवारी सगळे गेल्यावर वहीवाले मागे थांबले. यादीवर बोट ठेवून म्हणाले, "पाळकसाहेब, दोन वचनं राहिली. पाचव्या अध्यायातली. उजवा डोळा आणि उजवा हात."

राहिली नव्हती, मी सोडली होती. उजवा हात पाप करायला लावत असेल तर तो तोडून टाक, सगळं शरीर नरकात जाण्यापेक्षा एक अवयव गेलेला बरा. आम्ही पाळक असली वचनं कपडे सावरून डबकं ओलांडावं तशी ओलांडतो. समजावून सांगायला कठीण, आणि मंडळीत कुणी विचारतही नाही.

"वेळ कमी पडला," मी म्हणालो.

"पण ती सोडून पुढे कसं जाणार? मालिका अपुरी राहील. बांधताना खंड अपुरा दिसेल." आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "आम्ही थांबलोय त्या वचनासाठी."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की कुणाला तरी एवढी ओढ आहे. मी खिशातून पेन काढलं, शेवटच्या रविवारचा विषय खोडला आणि त्यावर लिहिलं, 'उजवा हात'. वहीवाल्यांनी माझे आभार मानले. वहिनी दाराबाहेर पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं असावं. त्यांनी आपला उजवा हात डाव्या काखेत धरला होता, थंडी वाजल्यासारखा. थंडी नव्हती.

ताईला हे कळलं तेव्हा ती जेवत होती. घास तसाच ताटात ठेवून म्हणाली, "त्याच्या दुकानात कागद कापायचं मशीन आहे ना रे?"



"गुरुवारी जातो," मी म्हणालो.

"गुरुवारी का? आज का नाही?"

"असं एकदम कसं जाणार? काहीतरी निमित्त हवं." गुरुवार हा माझा गृहभेटींचा दिवस. मला तेव्हाही नेम पाळायचा होता.

गुरुवारी दुपारी गेलो. दुकान लांबट होतं, पुढे काउंटर, मागे कामाची खोली, त्यामागे राहायची जागा. पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा आंबूस वास भरून होता. वहिनी खिडकीशी शिवायच्या चौकटीपुढे बसल्या होत्या. मला बघून उठल्या, पण बोलल्या नाहीत. कोपऱ्यात मशीन होतं, लोखंडी, माणसाच्या छातीएवढं उंच. वहीवाले एक गठ्ठा त्यात बसवत होते.

"या या, पाळकसाहेब! घर पवित्र झालं." त्यांनी दांडा ओढला. पातं पाचशे कागदांतून खाली गेलं. आवाज अगदी थोडा झाला, कुणी उसासा टाकावा एवढा. "आपल्याला दाखवायचंच होतं. बरं झालं आलात."

त्यांनी मला मागच्या भिंतीपाशी नेलं. भिंतीवर एक मोठा कोरा पुठ्ठा लावून त्यावर रेघा मारलेल्या होत्या. डावीकडे माझ्या उपदेशांचे विषय, तारखांसकट. पुढे दोन रकाने. एकावर लिहिलं होतं 'ऐकलं' आणि दुसऱ्यावर 'केलं'. ऐकलं या रकान्यात माझी वाक्यं होती. केलं या रकान्यात मी वाचत गेलो. 'होय-नाही व्यतिरिक्त शब्द: पहिल्या दिवशी अकरा, सातव्या दिवशी एकही नाही.' 'दुसरा गाल: सोमवारी सांगावं लागलं. गुरुवारी न सांगता पुढे केला.' 'खोलीत, दार लावून: सकाळी सहा ते दुपारी दोन. बुधवारी पूर्ण दिवस.' 'उपास: मंगळ, गुरू, शनी. तेल लावले.'

कडेला कागद साठवायची एक अंधारी खोली होती. तिला कडी बाहेरून होती.

"हे... हे सगळं वहिनींनी?" मी विचारलं.

"कुटुंबाचं मस्तक मी आहे. मी करवून घेतो, ती करते. आपणच म्हणाला होतात, घर एकदिलानं चालावं."

"अहो, पण हे असं नसतं करायचं."

त्यांनी लगेच कानामागची पेन्सिल काढली. "कुठे चुकलं ते सांगा. मी दुरुस्त करतो."

मी त्या पुठ्ठ्याकडे बघत राहिलो. डावीकडची वाक्यं माझी होती, अक्षर न् अक्षर. कुठलं वाक्य चुकीचं म्हणू? मी काहीतरी पुटपुटलो, की वचनाचा आत्मा बघायला हवा, प्रेम हवं. त्यांनी मान डोलावली. प्रेम हा शब्द लिहून घेतला.

मग म्हणाले, "आता शेवटचंच राहिलं. ही चोरून पत्रं लिहिते. भावाला. मला गेल्या महिन्यात सापडली. घरातलं बाहेर सांगते." खिडकीकडे न बघताच त्यांनी सांगितलं. "लिहिते अर्थात उजव्या हातानं. मी रागावलो नाही. म्हटलं, रविवारी ऐकू. पाळकसाहेब सांगतील तसं करू. आजवर त्याबाहेर गेलेलो नाही."

वहिनींची सुई थांबली नाही. मी त्यांच्याजवळ गेलो, वाकून विचारलं, "वहिनी, काही त्रास आहे का?"

"नाही."

वहीवाल्यांनी चहा आणला आणि मी तो प्यायलो. ती बाई तिथे बसलेली असताना, तो पुठ्ठा भिंतीवर असताना, मी कप संपवला, आभार मानले आणि बाहेर पडलो. त्या दुपारबद्दल लोक मला विचारतात तेव्हा मी हेच आधी सांगतो.

हेडमास्तर आमच्या मंडळीचे मुख्य पंच. शुक्रवारी मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "पाळकसाहेब, जरा विचित्रच दिसणार हे. सगळ्यात भाविक माणूस. तुमच्याच सांगण्यावर चालतोय, आणि तक्रारही तुम्हीच करणार? शिवाय नवरा-बायकोतली गोष्ट. ती बाई काही म्हणतेय का?"

"नाही म्हणतेय."

"मग झालं तर."

घरी आलो तर ताई दारातच होती. मी सांगितलं, रविवारी मी असा उपदेश करतो की त्याला बोलायला जागा राहणार नाही. सगळं उलगडून सांगतो. हे बोलणं अलंकारिक आहे, हात म्हणजे हात नव्हे...

"अरे, तू पुन्हा उपदेशच करणार?" ती म्हणाली. "तिला तिथून उचलून आणायचं सोडून?"

"ताई, असं कुणाच्या बायकोला उचलून आणता येत नाही."

 शनिवारी सकाळी ती स्वतः दुकानावर जाऊन आली. दुकान बंद होतं. दार वाजवलं, कुणी उघडलं नाही. आतून मशीनवर तेल घालताना दांडा वरखाली करतात तसा आवाज येत होता, म्हणाली. एका लयीत. बराच वेळ.

रविवारी मी वर चढलो तेव्हा ते दोघं नेहमीच्या जागी होते. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर होते. मी ते आधी मोजले, मगच पुस्तक उघडलं. वहीवाल्यांनी नवं पान काढलं.

मी वचन वाचलं. मग लिहून आणलेली पानं बाजूला ठेवली आणि पहिल्यांदाच भिंतीच्या बाजूला, वहिनींकडे बघून बोललो. म्हणालो, येशूनं हे ज्याला सांगितलं त्याला त्याच्या स्वतःच्या हाताबद्दल सांगितलं. दुसऱ्याच्या नाही. दुसऱ्याचं तोंड बंद करा, दुसऱ्याचा गाल पुढे करा, दुसऱ्याला उपाशी ठेवा, असं त्यानं कुणालाही सांगितलेलं नाही. तसं कुणी करत असेल तर तो येशूमागून चालत नाही. आणि तसं कुणाला माझ्या बोलण्यातून कळलं असेल तर दोष माझा आहे.

 हेडमास्तर टक्क जागे होते.

वहीवाल्यांचं पेन थांबलं. त्यांनी हात वर केला. उपासनेत असं कुणी करत नाही. मग ते उभे राहिले.

"पाळकसाहेब, शंका आहे." त्यांनी बाकाखालून एक बांधलेला खंड काढला, खूण घातलेलं पान उघडलं. "खंड दुसरा. लग्नाचा उपदेश. आपण म्हणालात, नवरा-बायको दोन नसतात, एक देह असतात. हिचा हात वेगळा आणि माझा वेगळा असं तेव्हापासून राहत नाही. आपलंच वाक्य आहे." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, काहीच नव्हतं. शिकायला बसलेल्या माणसाची नजर होती. "तर मग तिचा हात माझाच झाला ना?"

 आज मी याला दहा उत्तरं देऊ शकतो. पण तेव्हा प्रत्येक उत्तराचं ते पुन्हा वाक्य करणार आणि पुन्हा कुठेतरी लावणार, एवढंच मला दिसत होतं. मी खाली उतरलो. दुसऱ्या रांगेपाशी गेलो.

"वहिनी, उठा. आमच्या घरी चला."

त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच बोलल्या. आवाज गंजलेला, मध्ये मध्ये फाटणारा.

"तुम्ही सांगितलं म्हणून गप्प बसले. तुम्ही सांगितलं म्हणून उपाशी राहिले. आता म्हणता ऊठ. उद्या आणखी काही म्हणाल."

सात आठवड्यांत हो-नाहीपलीकडे त्यांच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द असतील. ते माझ्याविरुद्ध होते आणि ते बरोबर होते.  वहीवाले शांतपणे खाली बसले आणि त्यांनी बायकोच्या मनगटाभोवती बोटं घातली. उजव्या मनगटाभोवती.

तेवढ्यात ऑर्गनचं झाकण आपटलं. ताई तिथून उतरून, चपला फटफटवत भिंतीलगतच्या वाटेनं आली. भिंतीच्या बाजूनं बाकात शिरली, वहिनींच्या पलीकडून.

"सरक गं जरा," ती म्हणाली.

कुणी बस थांब्यावर म्हणावं तसं. वहिनी सवयीनं सरकायला गेल्या, पण एका बाजूला नवरा होता. सरकायला जागा नव्हती. ताईनं वहीवाल्यांकडे पाहिलं.

"हात सोडा. तिला सरकायचंय."

माहीत नाही काय झालं. साठ-सत्तर लोक बघत होते म्हणून असेल, किंवा या वाक्याला त्यांच्या वहीत जागाच नव्हती म्हणून असेल. त्यांनी बोटं सैल केली. वहिनी सरकल्या, त्या वहीवाल्यांपासून दूर, भिंतीकडे, ताईला पुढे जाऊ देत. ताई दोघांच्या मध्ये बसली. मग वहिनींचा हात धरून, त्याच भिंतीच्या बाजूनं, त्यांना घेऊन बाहेर पडली.

वहीवाल्यांनी अडवलं नाही. त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि वहीत वेळ लिहिली.

ताईनं त्यांना आमच्या घरी नेलंच नाही. सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासानं ताईला आत बोलावलं. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर सगळं लिहिलेलं नव्हतं. सोमवारी सकाळी वहिनींनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. एकेका प्रश्नाला हो आणि नाही एवढंच उत्तर येत होतं, म्हणून प्रश्न विचारणाऱ्या बाईला दुपार झाली.

मंगळवारी मला आणि वहीवाल्यांना बोलावलं. ते माझ्याआधी येऊन बसले होते. इस्त्रीचे कपडे, मांडीवर कापडात बांधलेल्या सगळ्या वह्या. पोलीस अधिकाऱ्यानं काही विचारायच्या आधीच त्यांनी गाठोडं टेबलावर सोडलं.

"साहेब, यात सगळं आहे. तारखेसकट. मी स्वतःच्या मनानं काही केलेलं नाही."

अधिकारी एकेक पान उलटत गेला. वाचता वाचता तो खुर्चीत मागे सरकत होता. मधूनच वही माझ्यापुढे धरायचा. हे वाक्य तुमचं? माझं. हे? हेही माझंच. मग शेवटच्या वहीत, शेवटच्या लिहिलेल्या पानावर तो थांबला. मग वही माझ्याकडे वळवली.

त्या रविवारचं पान होतं. 'ऐकलं' या रकान्यात मी वहिनींकडे बघून बोललेली चार-पाच वाक्यं होती, अर्धवट, मग बाहेर गेल्याची वेळ. शेजारच्या 'केलं' या रकान्यात पेन्सिलीनं, अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'उजवा. मनगटापासून. सोमवार, सकाळी आठ, काम सुरू करण्यापूर्वी.'

"हे कधी लिहिलं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"शुक्रवारी," वहीवाले म्हणाले. न अडखळता.

"म्हणजे उपदेश ऐकायच्या आधीच?"

"विषय जाहीर झाला होता ना, साहेब." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दुसऱ्या रांगेतून बघायचे तसंच, पुढचं वाक्य मी सांगेन अशा भरवशानं.

 मी काय बोललो असतो, कसंही बोललो असतो, तरी ते ठरलेलंच होतं. त्यांना माझं ऐकायचं नव्हतंच कधी. त्यांना फक्त माझी सही हवी होती.

"हे तुम्ही सांगितलं होतं?" अधिकाऱ्यानं मला विचारलं.

नाही, असं एका शब्दात म्हणता आलं असतं. पण दाराशी लावलेल्या यादीवर आधीचा विषय खोडून ते दोन शब्द मी माझ्या हातानं लिहिले होते. मी ते सांगितलं. पुठ्ठा वाचूनही चहा पिऊन आलो, तेही सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

वहिनी अकरा दिवस ताईच्या खोलीत राहिल्या, मग भाऊ येऊन घेऊन गेला. तिकडे त्या एका छापखान्यात शिवणीचं काम करतात. मी एकदा क्षमा मागायला गेलो होतो. फाटकापर्यंत आल्या, ताई कशी आहे विचारलं, ताईचा गुडघा आता दुखतो का विचारलं. मला आत या म्हणाल्या नाहीत. माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य मी गिळलं आणि परत आलो.

मी अजून उपदेश करतो. मंडळीनं राहा म्हटलं म्हणून राहिलो, आणि ताई म्हणाली, पळून जाणं सोपं आहे म्हणून. लहान बोलतो आता. लोक पुन्हा झोपायला लागलेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या महिन्यात अधिकाऱ्याचा फोन आला. खटला उभा राहायला वेळ लागेल, म्हणाला. तोवर वहीवाल्यांना जामीन मिळालाय. दुकान विकून ते कुठेतरी गेलेत, पत्ता दिलाय त्यावर सापडत नाहीत. वहिनींच्या भावाला कळवलंय.

मी आसपासच्या गावांतल्या ओळखीच्या पाळकांना पत्रं लिहिली, वही घेऊन कुणी नवा माणूस उपासनेला येतो का म्हणून. दोघांची उत्तरं आली, बाकीच्यांची यायची आहेत. दर रविवारी ताई आत धून सुरू करते तेव्हा मी चर्चच्या दारात उभा असतो. शेवटचा माणूस आत शिरला तरी थांबतो. रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत बघून घेतो, आणि मग आत जातो.